बाबांना कोणता राग ऐकवू?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. वडील साठीच्या घरातले, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात कोरडवाहू शेती. एका हंगामात सोयाबीन गेलं, दुसऱ्यात कपाशीवर बोंडअळी आली. दिवाळीपासून त्यांना झोप नाही, जेवण निम्म्यावर, चिडचिड, कोणाशी बोलणं नाही. तुम्ही नागपूरला नोकरीला, महिन्यातून एक-दोनदा घरी जाता. संगीतानं ताण जातो असं वाचून तुम्ही त्यांना छोटा स्पीकर घेऊन दिला, त्यात बासरी, सतार, 'तणावमुक्ती संगीत' असं सगळं भरून दिलं. दोन दिवसांत बाबा म्हणाले, "बंद कर बाप्पा थे, डोक्शाले तरास होते." तुम्ही विचारलंय की कोणता राग, कोणत्या वेळी, किती वेळ ऐकवावा. आणि जाता जाता लिहिलंय की आधी ते गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे, आता जात नाहीत.

मी यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांमध्ये समुपदेशक म्हणून काम करतो, आणि लहानपणापासून भजनाला पेटीवर बसतो. दोन्ही नात्यांनी सांगतो, तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. ज्या माणसाच्या हातात वर्षानुवर्षं खंजिरी होती तो ती खाली ठेवतो, तेव्हा त्याला संगीत कमी पडलेलं नसतं. त्याचं चारचौघांत बसणं सुटलेलं असतं. ते का सुटलं हे कळल्याशिवाय कोणताही राग लावून उपयोग नाही.

रागाचं आधी सांगून टाकतो. अमुक राग रक्तदाबाला, तमुक राग निद्रानाशाला, अशा याद्या मोबाइलवर फिरतात. त्यांना भक्कम आधार नाही. संगीताचा शरीरावर परिणाम होतो हे मात्र खरं आहे. लय जलद असली की श्वास आणि नाडी वाढते, संथ असली की उतरते, आणि ऐकणाऱ्याला ते संगीत ओळखीचं आणि आवडीचं असलं तर परिणाम जास्त होतो. तुमच्या बाबांच्या आयुष्यात सतार कधी नव्हती. त्यांच्या कानाला ती परकी आहे, आणि थकलेल्या डोक्याला परकं काही नको असतं. त्यात मोबाइलवरून लावलं तर मधेच मोठ्या आवाजात जाहिरात येते. माणूस दचकतो आणि मग चिडतो. यात त्यांचा दोष नाही, आणि तुमच्या मायेतही काही कमी नाही.

आता ते भजनाला का जात नाहीत? हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी इथून ठरवू शकत नाही. पण आमच्या भागात मला वारंवार दिसणारी कारणं सांगतो, म्हणजे तुम्हाला घरी चौकशी करता येईल.

पहिलं कारण उधारी. शहरातल्या लोकांना हे सहसा सुचत नाही. गावच्या मंडळात कोण बसतं? मृदंगावर सोसायटीचा सचिव असतो, टाळ घेऊन कृषी केंद्रवाला असतो, शेजारी ज्याच्याकडून हातउसने घेतले तो चुलतभाऊ असतो. बियाण्याचे आणि फवारणीच्या औषधाचे पैसे थकलेले असताना त्याच माणसाच्या मांडीला मांडी लावून देवाचं नाव घेणं फार जड जातं. कोणी काही म्हणत नाही, पण याला वाटतं सगळे पाहतायत. मग तो 'आज बरं नाही' म्हणतो, उद्या 'जागलीला जायचं आहे' म्हणतो, आणि महिन्याभरात लोक बोलवायचं सोडतात.

दुसरं कारण कान. साठीच्या आसपास ऐकू येणं कमी होतं, आणि त्याची गंमत अशी की मोठे आवाज उलट जास्त टोचतात. टाळ-झांजांचा गजर असह्य होतो आणि पेटीचा सूर मात्र नीट कळत नाही. असा माणूस बेसूर होण्याच्या भीतीनं भजन सोडतो आणि कारण कोणालाच सांगत नाही. बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात का, फोनवर "काय? काय?" करतात का, ते आईला विचारा. तसं असेल तर कानाची तपासणी आधी.

तिसरं कारण झोपेचंच. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर कृषिपंपाची लाइन बऱ्याचदा रात्रीची असते. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकात शिरतात म्हणून जागल असते. ज्याची रात्र बांधावर जाते त्याची झोप संगीतानं येणार नाही, तिथं पाळी वाटून घेणारा माणूस शोधावा लागतो. आणि चौथं, कोणाला सांगायला अवघड असलेलं: दारू. तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून नसेलही. पण असेल तर डॉक्टरांना लपवू नका.

या सगळ्यांच्या पलीकडे एक शक्यता उरते, आणि तुमच्या वर्णनावरून मला तीच जास्त वाटते. उदासीनता, म्हणजे डिप्रेशन. मन बहुतेक वेळ उदास राहणं किंवा कशातच रस न उरणं, आणि जोडीला झोप, भूक, ताकद बिघडणं, असं दोन आठवडे सलग राहिलं तर आम्ही डॉक्टरांकडे पाठवतो. तुमच्याकडे दिवाळीपासून चाललंय. तेव्हा भजनाची वाट पुढे सांगतो, पण डॉक्टरांकडे जाणं त्याच्याही आधी, याच आठवड्यात. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. 'पागलांचा डॉक्टर' म्हणून बाबा नाही म्हणतील, तर झोपेसाठी म्हणून न्या. ते खोटं नाही, झोप हीच त्यांची तक्रार आहे. तिथं साखर, थायरॉइड वगैरे तपासण्याही सांगतील, कारण त्यांच्यामुळेही असं होऊ शकतं. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद करायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून मनानं सोडायच्याही नाहीत.

आणखी दोन गोष्टी, स्पष्टच. फवारणीचं औषध घरात, गोठ्यात, छपरीत कुठंही उघडं राहू देऊ नका. उरलेलं सगळं कुलपात, आणि किल्ली बाबांकडे नको. शक्य असेल तर दुसऱ्याच्याच घरी. दुसरं, त्यांना सरळ विचारा, "बाबा, जगणं नको असं कधी मनात येते का?" विचारल्यानं तो विचार मनात घुसत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं ओझं बोलून दाखवायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं, किंवा ते निरवानिरवीची भाषा बोलू लागले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही त्यावर फोन करू शकता.

आता संगीत. उदासीनतेवर संगीतोपचाराचे जे अभ्यास झाले त्यांचा 2017 मध्ये कोक्रेननं, म्हणजे वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, आढावा घेतला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर नुसत्या उपचारांपेक्षा लक्षणं जास्त कमी होतात, निदान सुरुवातीच्या काळात, असं त्यात दिसलं. 'जोड' हे लक्षात ठेवा. उपचार सोडून भजन, असं मी कोणाला सांगत नाही. पण त्या जोडीची ताकद मी गावोगाव पाहिली आहे, आणि ती कुठून येते ते समजून घेतलं तर काय करायचं ते आपोआप कळेल.

एक वाट श्वासाची. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण बारा ते सोळा श्वास घेतो. काळजीत असला की श्वास वाढतात आणि वरवरचे होतात. संथ चालीतलं पद म्हणताना ओळ संपेपर्यंत श्वास सोडत राहावं लागतं आणि दोन ओळींच्या मधे पटकन भरून घ्यावा लागतो. म्हणजे सोडणं लांब आणि घेणं आखूड. श्वास सोडताना हृदयाची गती जराशी मंदावते, कारण त्या वेळी व्हेगस ही मज्जारज्जूच्या वरून, मेंदूच्या तळातून निघून छाती-पोटात जाणारी नस हृदयाला लगाम घालते. दहा-पंधरा मिनिटं असं चाललं की शरीराची 'धावायला तयार' अवस्था उतरते. इटलीतल्या संशोधकांनी 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं होतं की लॅटिन जपमाळेची प्रार्थना असो की योगातला मंत्र, म्हणणाऱ्याचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदय व रक्तदाबाचं तंत्र त्या गतीला छान जुळतं. हे ऐकणाऱ्यापेक्षा म्हणणाऱ्याला जास्त मिळतं. म्हणून मी 'ऐकवा' म्हणत नाही, 'म्हणू द्या' म्हणतो.

दुसरी वाट माणसांची. आमच्याकडे बुवा ओळ म्हणतो आणि मागचे ती उचलतात. गाडगेबाबांच्या कीर्तनात समोरचा समाज सारखा उत्तर देत असे, नुसता ऐकत बसलेला नसे. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला आणि खंजिरीवरचं भजन व सामुदायिक प्रार्थना गावागावांत नेली, त्यातही हेच होतं. दहा जणांचा हात एका ठेक्यावर पडतो तेव्हा एकट्याला काही ठरवावं लागत नाही. ज्याच्या डोक्यात रात्रंदिवस हिशेब चालू आहे त्याला एवढा वेळ ठरवण्यातून सुटका मिळणं फार मोठं आहे. आणि सगळे एकदम थांबतात ती शांतताही कामाची असते. संगीताच्या मधे आलेल्या थांब्यात नाडी आणि रक्तदाब आणखी उतरतो, असं अभ्यासात दिसलं आहे. मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात मौन श्रद्धांजलीला जो उभा राहिला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग बाबांना परत तिथपर्यंत कसं न्यायचं? एकदम मंदिरात ओढून नेऊ नका. 'चला, मन रमेल' हे वाक्य तर अजिबात नको, त्यानं माणसाला आपण आजारी ठरलो असं वाटतं.

माझी सुरुवात फोनवरून असते. तुम्ही लांब आहात, त्याचा इथं फायदाच आहे. दिवेलागणीला, धारा काढून झाल्या की फोन करा आणि एखाद्या पदाची चाल विचारा. "बाबा, ते एकादशीले म्हणायचे ना तुम्ही, त्याचं दुसरं कडवं कसं आहे? मले आठवून नाही राह्यलं." खरोखर जे आठवत नसेल तेच विचारा, उगाच नाटक नको, त्यांना ते कळतं. पहिल्या दिवशी म्हणतील, "आता काय करतं त्याचं." दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन शब्द सांगतील. कधीतरी चाल सांगण्यासाठी गुणगुणावंच लागेल. ज्याचं पीक गेलं, पत गेली, त्याच्याकडे अजून काहीतरी असं आहे जे मागायला पोरगी रोज फोन करते, हे त्यांना आतून उभं करतं. 'वा, छान गायलात' असं म्हणू नका. पुढचं कडवं विचारा.

कोणतं पद, याचा एक नियम मात्र पाळा. आनंदी, उसळत्या चालीचं सुरुवातीला नको. 1940च्या दशकात अमेरिकेत मनोरुग्णालयात काम करणारे डॉक्टर आयरा आल्टशुलर यांनी सांगितलं की संगीत आधी रुग्णाच्या मनःस्थितीशी जुळणारं घ्यावं आणि मग हळूहळू हवं तिकडे न्यावं. आमच्या भजनाच्या बैठकीचीही रचना तशीच असते. संथ, आर्त पदं आधी, मग लय चढते, शेवटी गजर. दुःखी माणसाला करुणेचं पद ऐकवलं तर तो आणखी खचेल, अशी भीती घरच्यांना वाटते. बहुतेकदा उलट होतं. आपलं दुःख कोणीतरी आधीच शब्दांत मांडून ठेवलंय हे पाहून माणूस सैल होतो. डोळ्यांत पाणी आलं तर थांबवू नका. फक्त पद म्हटल्यावर ते दोन-तीन तास आणखी गप्प होत असतील, अंथरुणातून उठत नसतील, तर ते पद बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

मंडळाचं काम मी आतल्या बाजूनं करतो. एका गावात असाच खंजिरीवाला होता, वर्षभर घरात बसलेला. मी मंडळाच्या बुवांना भेटलो आणि त्यांनी कृषी केंद्रवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं की मंदिराच्या पायरीवर उधारीचा विषय निघायचा नाही. तो समजदार माणूस होता, स्वतःच म्हणाला, "माये पैसे कुठी पयून नाही चालले, त्याले येऊ द्या." मग बुवांनी या गृहस्थाकडे निरोप धाडला, तोही गायला यायचा नाही. श्रावणातल्या दमट हवेत खंजिऱ्यांचं चामडं सैल पडलं होतं, बोल बसला होता. "तुमच्यासारखं कोणाले शेकता येत नाही, तेवढं करून द्या." ते आले. गोवऱ्यांच्या विस्तवावर हातभर वर खंजिरी धरायची, फिरवत राहायची, मधेमधे बोटानं टिचकी मारून पाहायची. जास्त तापली तर चामडं तडकतं, कमी तापली तर बोल खुलत नाही. ते पूर्ण मन लावून बसले होते, कपाळावर घाम, नजर विस्तवावर. एक झाली, दुसरी झाली, आणि तिसरी तापल्यावर बोल बरोबर लागला का ते पाहायला त्यांनी दोन ठेके वाजवले. कोणी काही बोललं नाही. बुवांनी तेवढ्यात पद उचललं. त्या दिवशी ते दारापाशीच बसले, अर्ध्यातून उठून गेले. पुढच्या गुरुवारी थोडा वेळ जास्त बसले. गोळ्या त्यांच्या चालूच होत्या.

तुमच्या बाबांसाठीही असंच काही शोधा. बिनगाण्याचं काम, दारापाशी जागा, आणि मधेच उठून जायची मुभा. टाळ धरायला दिले तरी चालतं. आणि हरिपाठासारखी रोजची, छोटी, ठरल्या वेळेची बैठक सप्ताहाच्या मोठ्या गर्दीपेक्षा बरी. सप्ताहात रात्रीची जागरणं होतात, भोंगे असतात. ज्याची झोप आधीच मोडली आहे त्याला सध्या ते नको. डीजेच्या मिरवणुकीपासून तर लांबच ठेवा.

रात्री झोपताना काही लावायचंच असेल तर बाबांना विचारून त्यांच्या ओळखीचं, संथ, आधीच उतरवून घेतलेलं, म्हणजे मधे जाहिरात येणार नाही असं लावा. आवाज इतका की शेजारच्या खाटेवर ऐकू जाऊ नये. रोज त्याच वेळी, अर्धा-पाऊण तास. झोपेपूर्वी असं ऐकणाऱ्यांना झोप सुधारल्याचं जाणवतं, हे 2022 च्या कोक्रेन आढाव्यात आहे. पण एक-दोन रात्रींत निकाल लावू नका.

तुमच्या प्रश्नात आईबद्दल फार काही नाही, म्हणून विचारतो. आई कशी आहे? घरातला माणूस असा मिटून बसला की बाईची झोपही जाते, आणि तिला भजनी मंडळही नसतं. तिच्याकडे दुसरं धन असतं. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतची भुलाबाईची गाणी. तुम्ही लहानपणी खिरापत ओळखायला दारोदार गेला असालच. तिलाही फोनवर एक ओवी विचारा. गावात बायकांचं हरिपाठ मंडळ किंवा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना असेल तर तिनं तिथं जावं, बाबा येवोत न येवोत. ती टिकली तरच बाबांच्या गोळ्या वेळेवर दिल्या जातील, कुलपाची किल्ली तिच्या कमरेला राहील. आणि बाबा छपरीत पडून असतानाही स्वयंपाकघरातून गुणगुणण्याचा आवाज कानावर येणं, हेही घरासाठी काही कमी नाही.

फरक पडतोय का हे कसं ओळखायचं? 'कसं वाटते?' असं रोज विचारू नका. आईला चार गोष्टी पाहायला सांगा: पहाटे किती वाजता जाग येते, भाकरी अर्धी उरते की पूर्ण संपते, कोणी हाक मारली तर ओट्यावर येतात का, आणि स्वतःहून एखादं वाक्य बोलतात का. बहुतेकदा आधी झोप सुधारते, बोलणं मागून येतं. मधे एखादा आठवडा मागे जाईल, विशेषतः बँकेची नोटीस आली किंवा पाऊस दडला तर. तेव्हा भजन कुचकामी ठरलं असं समजू नका. कर्जाचा प्रश्न कर्जाच्याच वाटेनं सोडवावा लागतो: पुनर्गठन, पीक विम्याचा दावा, सोसायटीच्या सचिवाशी बोलणी. त्या कामाला तुम्ही स्वतः एक दिवस रजा काढून बाबांबरोबर जा. त्यांना एकट्याला त्या टेबलासमोर उभं राहावं लागू नये.

रुग्णालयात जाताना जुने कागद, चालू असलेल्या गोळ्या आणि आईनं पाहिलेल्या या चार गोष्टी लिहून न्या. डॉक्टर काय म्हणाले आणि कानाचं काय निघालं ते जमलं तर इथं लिहा, मंडळाकडे कधी आणि कसं वळायचं ते त्यावरून ठरवू.